राणीचा खांदा

मधमाश्यांची पेटी उघडली की माझा आवाज आपोआप खाली येतो. एरवी मी बोलायला लागले की चार घरं पलीकडची बाई फोडणी सोडून कान देते, असं माझा नवरा म्हणतो. "एक पेटी चुलीपाशी ठेवून देजो, घरात शांतता तरी राहीन," हे त्याचं ठरलेलं. म्हणू दे. तो सकाळी डबा घेऊन हिंगणघाटच्या मिलमध्ये जातो, संध्याकाळी येतो, आल्यावर मोबाईल. पेटीत काय आहे ते त्याला काय कळणार! आता मला कळतं असंही नाही म्हणा. इतकी वर्षं झाकण उचलते आहे, पण आतून तो गरम, मेणाचा, गोडसर वास वर आला की दरवेळी हात आपसूक हळू चालायला लागतात.

आमचं गाव गिरडच्या टेकडीच्या अलीकडचं. घराच्या मागे परस आहे, परसात सीताफळाची झाडं, आणि त्यांच्या सावलीत माझ्या दोन पेट्या. वर्ध्याला एकदा मधमाश्यांचं प्रशिक्षण होतं, गावातल्या बायका नाव देऊन घरी बसल्या, मी गेले. येताना सातेरी माश्यांच्या दोन पेट्या घेऊन आले. सातेरी म्हणजे झाडाच्या ढोलीत राहणारी आपली लहान माशी. झाडावर लोंबणाऱ्या आग्यामाशीसारखी ती पाठीमागे लागत नाही. पण रुसते फार. जरा धसमुसळेपणा झाला, जरा खायला कमी पडलं, की सगळंच्या सगळं मोहोळ उठून निघून जातं आणि आपण रिकाम्या पेटीकडे बघत बसायचं.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजींचा आयुष्यभराचा सोबती म्हणजे बैल. माणसांशी ते कामापुरतं बोलायचे, बैलांशी पोटभर. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जोडीतला थोरला बैल म्हातारपणानं गेला. दुसरा एकटा गोठ्यात हंबरायचा, चारा तोंडात धरून तसाच उभा राहायचा. एका बैलावर वखर चालत नाही. शेवटी सिंदीच्या पाहुण्यांकडे त्याच्या जोडीचा एकटा बैल होता, तिकडे त्याला दिलं. शेतात ट्रॅक्टर आला. नवरा म्हणाला, "बाबाले आता आराम." कसला आराम! मामाजी सकाळी उठायचे, गोठ्यात जायचे, रिकाम्या गव्हाणीवरून हात फिरवायचे आणि परत येऊन बसायचे. मला ते बघवत नव्हतं. एक दिवस मी चिडूनच म्हटलं, "मामाजी, तठी काय हाय आता? इकडं या, मले मदत करा."

मला वाटलं, येणार नाहीत. पण पावसाळा लागता लागता ते स्टूल घेऊन पेटीपाशी बसायला लागले. आधी नुसते ऐकायचे. पेटीला कान लावायचे आणि डोळे मिटायचे. मग एकदा त्यांनी विचारलं, "सुनबाई, यातली मालकीण कोणती वो?"

मी त्यांना राणी दाखवली तो दिवस मला लख्ख आठवतो. पेटीच्या आत लाकडी चौकटी ओळीनं टांगलेल्या असतात, प्रत्येक चौकटीत माश्यांनी बांधलेली मेणाची घरं. मी काम करता करता सांगत होते. सूर्य पाठीशी घ्यायचा, म्हणजे उजेड घरांच्या तळापर्यंत पोचतो. धूर नावापुरता. आधी कडेची चौकट काढून बाजूला ठेवायची, म्हणजे आत जागा होते, मग पुढची चौकट सरळ वर उचलायची. वाकडी उचलली तर दोन चौकटींच्या मध्ये राणी चिरडते. आणि चौकट कायम पेटीवरच धरायची, बाहेर नाही. राणी पडली तर घरातच पडली पाहिजे, गवतात पडली तर शोधत बसा जन्मभर.

"आन् हातानं धरा लागली तं?" मामाजींनी विचारलं.

"धरायचीच नाई. अगदीच गरज पडली तर पंखाला नाईतर छातीला, चिमटीत, हलक्या हातानं. पोटाला कधीच नाई. सारं पुढचं मोहोळ तिच्या पोटात हाय."

तेवढ्यात ती दिसली. बाकीच्यांपेक्षा लांब, गडद रंगाची, पंख अंगाला आखूड पडणारे. ती जिकडे जाईल तिकडे माश्या बाजूला होत, तोंडं तिच्याकडे करून तिच्याभोवती गोल धरत. कोणी तिला चाटत होत्या, कोणी भरवत होत्या. ती एका घरात डोकं घालून बघे, मग वळून त्यात शेपटीकडचा भाग सोडी, क्षणभर थांबून अंडं ठेवी, आणि पुढच्या घराकडे. मामाजी पापणी लवू देत नव्हते. म्हणाले, "बापा! हे तं एक मिन्ट बसत नाई." त्या दिवसापासून त्यांनी राणीला मालकीण म्हणणं सोडलं नाही. सकाळी चहाच्या आधी विचारायचे, "मालकीण बरी हाय ना?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. माणूस पुन्हा बोलायला लागला. मी चौकट उचलायची आणि त्यांच्या हातात द्यायची. काय तो हात! सत्तरी ओलांडलेला, भेगाळलेला, पण चौकट धरली की जराही हलायचा नाही. माझ्या हातात माश्या भुणभुणायच्या, त्यांच्या हातात गप्प. मी प्रशिक्षण घेतलेली, मलाच हेवा वाटायचा.

श्रावणात मात्र वाईट दिवस आले. पावसाची झड लागली, फुलं नाहीत, माश्या बाहेर पडेनात. एका सकाळी बघते तर डावीकडची पेटी रिकामी. गेलं उठून मोहोळ. मी तिथेच चिखलात बसले आणि रडले, लपवायचं काय त्यात. मामाजी म्हणाले, "एक तं हाय ना. एकीले जपू."

एक होती. त्यात राणी एक. आणि पावसाळ्यात राणी गेली म्हणजे सगळंच गेलं. माश्या अळीला खास खाऊ घालून नवी राणी तयार करतात, पण तिच्या लग्नाला नर लागतात, आणि उपासमारीच्या दिवसांत माश्या आपल्या नरांना घराबाहेर काढून मोकळ्या होतात. मग नवी राणी कोरीच राहते, मोहोळ म्हातारं होत होत संपून जातं. हे मी मामाजींना सांगितलं होतं. त्यानंतर दोन दिवस ते माझ्यापेक्षा जास्त पेटीभोवती घुटमळले.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला तो उघाडीचा. आमच्याकडे त्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावायचं, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि बैलाला जेवणाचं आवतन द्यायचं. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मामाजींनी आयुष्यात एक खांदशेकणी चुकवली नव्हती. आता गोठाच रिकामा. दुपारी शेजारच्यांनी त्यांना हाक मारली, "काका, आमच्या बैलाचे खांदे तुमच्याच हातानं शेका." मामाजी गेले. मला हायसं वाटलं. सणाच्या दिवशी घरात उगाच बसण्यापेक्षा बरं.

ऊन चांगलं होतं म्हणून मी पेटी उघडली. खायला किती उरलंय ते बघायचं होतं आणि साखरेचा पाक ठेवायचा होता. डोक्यावर जाळी होती, धुराडं शेजारी धुपत होतं. मामाजी कधी परत आले ते मला कळलंही नाही. बाजूला येऊन नेहमीसारखे उभे राहिले. मी राणीवाली चौकट उचलली. ती बरोबर मधोमध होती, शांत.

"धरा जरा," म्हणून मी चौकट त्यांच्या हातात दिली आणि पाकाची वाटी घ्यायला ओट्याकडे गेले. चार पावलं. वळले तर मामाजींनी चौकट एका हातात धरलेली, पेटीवरच, अगदी शिकवल्यासारखी. दुसऱ्या हाताच्या करंगळीनं ते राणीच्या पाठीवर, पंखांच्या मुळाशी, अलगद काहीतरी लावत होते. आणि राणी पळत नव्हती! सातेरीची राणी, सावली पडली तरी सैरावैरा धावते, ती त्या करंगळीखाली उभी होती. मी वाटी धरून जागच्या जागी थिजले. असं मी कधी बघितलं नव्हतं, पुन्हा कधी बघेन असं वाटत नाही.

मग मला वास आला. तूप. हळद. बैलाचा घाम. पेटीच्या कडेवर पळसाच्या पानाचा द्रोण ठेवलेला होता.

"मामाजी! काय केलं हे तुमी?"

ते माझ्याकडे बघून हसले. किती महिन्यांनी हसले. "खांद शेकली तिची. राबणाऱ्या जीवाचं आज करा लागते ना, सुनबाई. आपल्या घरी आता हेच जीव हायेत."

मला राग आला, आणि त्यांचं हसू मोडवेना. माश्या डोळ्यांनी नाही ओळखत आपल्या राणीला. वासानं ओळखतात. त्या वासावर सगळं घर चालतं, राणी घरात आहे एवढं प्रत्येकीला त्या वासानंच कळतं. आणि आता माझ्या राणीच्या अंगाला शेजाऱ्यांच्या बैलाचा वास होता. पुसायला जावं तर आणखी हाताळणी. मी चौकट घेतली, जपून आत सोडली, झाकण ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं.

थोडाच वेळ गेला असेल. आतला आवाज बदलला. नेहमीची भुणभुण असते तिच्यावर एक बारीक, ताणलेला सूर चढला. मामाजींनी पेटीला कान लावला आणि त्यांचं हसू मावळलं. "काऊन असं बोलून राह्यल्या वो त्या?"

मी झाकण काढलं. पेटीच्या तळाशी लिंबाएवढा माश्यांचा गोळा होता. एकीला एक चिकटून, आत आत घुसणाऱ्या, थरथरणाऱ्या माश्यांचा गोळा. राणी त्याच्या पोटात होती. परक्या राणीला त्या असंच मारतात, डंख नाही मारत, अंगाच्या उष्णतेनं उकडून मारतात. मघापर्यंत जिला भरवत होत्या तिलाच.

"मामाजी, पाणी! गंजभर पाणी आणा, पळा!"

माझा आवाज सगळ्या गल्लीत गेला असणार. मामाजी धोतर सावरत धावले, गंज भरून, निम्मं सांडत आले. मी उघड्या हातानं तो गोळा उचलला. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला हात लागावा तसा तो गरम होता. इतक्याशा जीवांनी एवढी ऊब कुठून आणली, हा विचार त्या घाईतही मनात येऊन गेला. बोटांना डंख बसले. मी गोळा तसाच पाण्यात सोडला.

पाण्यात पडल्याबरोबर मिठी सुटली. माश्या एकेक होऊन तरंगायला लागल्या. मधोमध ती होती. मी तिला तळहातावर घेतली. पाय आखडलेले, पंख चिकटलेले. हलत नव्हती.

मामाजी माझ्यासमोर उकिडवे बसले. मी हात उन्हात धरला. पदराच्या टोकानं तिच्या पाठीवरचं पाणी, तूप, हळद टिपून घेतली, एवढ्याशा जागेवर, श्वास रोखून. मी तिला म्हणत होते, "ऊठ वो माय, ऊठ." मला माशीशी बोलायची लाज वाटली नाही.

आधी एक मिशी हलली. मग एक पाय. मग तिचं पोट, ते सगळं मोहोळ वागवणारं पोट, वरखाली व्हायला लागलं. अरे देवा! मी मोठ्यानं श्वास सोडला तशी ती हातावर उठून उभी राहिली. एवढासा जीव, भाजला, बुडाला, आणि उठला. मामाजींनी माझ्या हाताला हात जोडले, म्हणजे तिला.

माझ्याकडे राणीसाठी बोटाएवढी जाळीची पिंजरी होती, तिचं तोंड मेणानं बंद करता येतं. त्याच पेटीतला मध जाळीला चोळून मी राणीला आत घातली आणि पिंजरी दोन चौकटींच्या मध्ये अडकवली. आता रात्रभर तिच्या अंगाला पुन्हा घराचा वास लागू द्यायचा. बाकीचं आपल्या हातात नाही.

नवरा आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "एक माशी तं होती, बाबा." त्याला मी त्या रात्री वरण वाढलं ते ताट आदळूनच. मामाजी जेवले नाहीत. "माझा हात लागला," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पोळ्याच्या सकाळी गावातले बैल सजून वेशीवरच्या तोरणाकडे निघाले. झांजा, ढोल, घुंगरं. मामाजी तोरणाला गेले नाहीत आणि परसातही आले नाहीत. मी एकटीनं झाकण सरकवलं. पिंजरीवर माश्या बसलेल्या. मी गवताच्या काडीनं त्यांना हलकंच बाजूला सारलं. राणीवरच्या रागानं जाळी चावत असत्या तर घट्ट चिकटून राहिल्या असत्या. त्या सहज सरकल्या. वाकून बघितलं, तर जाळीच्या भोकांतून त्या जिभा आत घालत होत्या आणि राणी पुढे येऊन त्यांच्या तोंडातून घेत होती. भरवत होत्या! काल जिला जाळत होत्या तिला. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो आलाच नाही. मी मेण काढलं. राणी चालत बाहेर आली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

मी धावत जाऊन मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "आता तूच पाह्य. म्या तिकडं येत नाई." आणि खरंच येईनात. स्टूल उचलून त्यांनी परत गोठ्यात नेऊन ठेवलं. मी समजावलं, चिडले, शेवटी बोलणं सोडलं. इकडे पेटी उघडायची सोय नव्हती. राणीनं अंडी घातली तरच ती खरी वाचली, आणि ते बघायला थांबावं लागतं, सारखं उचकलं की मोहोळच उठायचं. गणपती बसले. महालक्ष्म्या येऊन गेल्या. मी रोज पेटीच्या दारातून येणाऱ्याजाणाऱ्या माश्या बघायची. मामाजी गोठ्याच्या दारातून मला बघायचे.

उघाड पाहून एका सकाळी मी पेटी उघडली. कडेची चौकट काढली. पुढची उचलली, उन्हाकडे तिरपी केली आणि घरांच्या तळाशी बघितलं. एकेका घरात एकेक, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं, उभं. अंडी! ओळीच्या ओळी.

"मामाजी!" मी ओरडले. माश्यांनी मला माफ करावं. "या इकडं! हात धुऊन या, नुसत्या पाण्यानं!"

ते आले. पण लांब उभे राहिले. मी म्हटलं, "धरा."

"नको वो."

"धरा म्हणते ना! मले दुसरी चौकट पाहाची हाय. मले का चार हात हायेत?"

त्यांनी हात पुढे केले, आणि मी पहिल्यांदा बघितलं, त्यांचे हात कापत होते. मी चौकट दिली आणि माझे हात त्यांच्या हातांखाली ठेवले, थोडा वेळ. कापरं थांबलं तसे काढून घेतले. त्यांना अंडी दिसत नव्हती, डोळे तेवढे राहिले नव्हते. मी सांगत होते, इथे, इथे, या सगळ्या घरांत.

मग चौकटीच्या पलीकडच्या बाजूनं राणी वर आली. तिच्याभोवती तोच गोल, तेच चाटणं, भरवणं. एका बाजूचा पंख टोकाला फाटलेला होता. मी तेवढंच बघितलं. मामाजींनी जन्मभर बैलांची चाल पाहिलेली. ते कुजबुजले, "मागचा डावा पाय अर्धा गेला वो तिचा. लंगडते."

खरंच लंगडत होती. लंगडत घरापाशी जायची, डोकं घालून बघायची, वळायची, अंडं ठेवायची, लंगडत पुढच्या घराकडे. मामाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, त्यांनी पुसलंही नाही.

चालत चालत ती चौकटीच्या कडेला आली आणि त्यांच्या अंगठ्यावर चढली. मी हात पुढे केला, तसं त्यांनी मानेनंच नको म्हटलं. अंगठा दगडासारखा स्थिर. ती त्या भेगांवरून चालली, नखापाशी थांबली, मिश्यांनी चाचपलं. मग अंगठा ओलांडून पलीकडच्या रिकाम्या घरात तिनं डोकं घातलं.

मामाजींनी मोठा श्वास सोडला.

"गेली," ते म्हणाले. "कामाले गेली."